उन्हाळ्यात दूध घटलं, पेंड वाढवू का?

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. घरी सात संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, पाच दुधात आणि दोन गाभण म्हणून आटवलेल्या. मालक एमआयडीसीत कामाला, त्यामुळे गोठा बहुतेक ताईंच्याच अंगावर. मार्चच्या सुरुवातीला दोन्ही वेळचं मिळून ६० लिटर दूध डेअरीला जायचं, एप्रिलअखेर ते ४२ वर आलं. फॅट ३.७ वरून ३.१ वर. सासऱ्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक गाईला किलोभर सरकी पेंड आणि तेवढाच मक्याचा भरडा वाढवला. चार दिवस बरं वाटलं, मग शेण पातळ झालं आणि दूध आणखी उतरलं. दीर म्हणतात, ‘एचएफ आपल्या हवेचं जनावरच नाही, सगळ्या काढून गीर नाहीतर डांगी आणू.’ गोठ्यात पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर बसवायला पतसंस्थेचं कर्ज काढावं का, हाही विचार घरात चाललाय. शेवटी ताई लिहितात, ‘सासूबाई दोन जर्सी गाई बघायच्या तेव्हा उन्हाळ्यात असं कधी झालं नव्हतं. माझंच काही चुकतंय का?’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमचं काही चुकत नाहीये. चार-पाच लिटरच्या जर्सीची आणि बारा लिटरच्या एचएफची तुलना होत नाही. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, जास्त पचवते आणि तितकीच आतून तापते. सासूबाईंच्या गाईंच्या अंगात मुळात उष्णताच कमी तयार होत होती. तेव्हा ही तुलना डोक्यातून काढून टाका.

आता पेंडीचं बोलू. सासऱ्यांचा हिशेब साधा आहे आणि हिवाळ्यात तो खराही ठरतो: दूध कमी म्हणजे खुराक कमी, म्हणून खुराक वाढवा. उन्हाळ्यात गोष्ट उलटी असते. गाय कमी खाते ते खुराक निकस आहे म्हणून नाही, खाणं तिला सोसवत नाही म्हणून. जुन्या उकिरड्यात हात घातला तर आतून वाफ लागते, तसंच गाईच्या मोठ्या पोटात वैरण आंबताना सतत उष्णता तयार होत असते. बाहेर ३९ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, त्यात पोटातली ही भट्टी. गाय शहाणी असते. ती गव्हाणीतून तोंड काढून घेते.

शिवाय दूध घटण्यात कमी खाण्याचा वाटा साधारण निम्माच असतो. गार जागेतल्या गाईंना मुद्दाम उन्हातल्या गाईंइतकंच कमी खाऊ घालून बघितलं गेलं, तेव्हा त्यांचं दूध उन्हातल्या गाईंइतकं उतरलं नाही. बाकीचं दूध उष्णताच खाते, कारण अंग थंड ठेवायला गाय शक्ती खर्च करते आणि तिच्या शरीराची सगळी घडीच बदलते. म्हणून घटलेलं अठरा लिटर दूध खुराकातून परत आणायचा नाद सोडा. नीट काळजी घेतली तर त्यातलं बरंचसं परत येईल, सगळं येणार नाही. हे आधीच कबूल केलं की चुकीचे उपाय हातून होत नाहीत.

शेण पातळ का झालं, तेही समजून घ्या, कारण फॅट घसरायचं मूळ तिथंच आहे. उन्हात गाय धापा टाकते, तोंडातून लाळ गळते. या लाळेत नैसर्गिक सोडा असतो, रवंथ करताना तो पोटात उतरतो आणि पोटातलं आम्ल मारतो. आता लाळ जमिनीवर सांडतेय, वैरण कमी खाल्ल्यानं रवंथही कमी होतेय. धापेमुळे रक्तातलं संतुलन बिघडतं, म्हणून शरीर आपल्याकडचा सोडा लघवीवाटे टाकून देतं. म्हणजे आम्लाला आवर घालणारं सगळंच कमी पडलेलं, आणि त्याच वेळी आपण मक्याचा भरडा वाढवला. भरडा झपाट्यानं आंबतो आणि पोट आम्लपित्त झाल्यासारखं होतं. वैरण पचवणारे जिवाणू अशा पोटात तग धरत नाहीत, आणि दुधातलं फॅट ज्या कच्च्या मालातून बनतं तो माल तेच पुरवतात. म्हणून फॅट ३.१. शेण हातात काठी घेऊन बघा: त्यात मक्याचे कण दिसत असतील, फेस किंवा बुडबुडे असतील, तर माझं म्हणणं तुम्हाला तिथंच पटेल. सासऱ्यांनाही तेच दाखवा. त्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणण्यापेक्षा शेणातले मक्याचे दाणे जास्त लवकर पटतील, कारण पैसा उकिरड्यावर चाललेला त्यांनाही आवडणार नाही.

पेंड वाढवल्यावर चार दिवस बरं का वाटलं? उन्हाचा परिणाम दुधावर त्याच दिवशी पूर्ण दिसत नाही, साधारण दोन दिवसांनी दिसतो. मधे आभाळ आलं असेल, तर दोन दिवसांनी दूध सुधारतं आणि श्रेय पेंडीला मिळतं. डेअरीच्या पावत्या तुमच्याकडे असतातच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचं दूध, फॅट आणि दुपारी ऊन होतं की आभाळ एवढं लिहीत चला. पंधरा दिवसांत घरातले निम्मे वाद मिटतील.

आता करायचं काय. मी गोठ्यात शिरलो की गव्हाण नंतर बघतो, आधी पाण्यात हात घालतो. तुम्ही लिहिलंय की गाईंना दिवसातून तीन वेळा हौदावर सोडता आणि हौद पत्र्यावरच्या काळ्या टाकीतून भरतो. दुपारी दोनला त्या नळाखाली हात धरा. पाणी चटका बसेल इतकं गरम असेल, गाय त्यात तोंड बुडवेल आणि दोन घोट घेऊन मागे फिरेल. बारा लिटरच्या गाईला या दिवसांत ८० ते १०० लिटर पाणी लागतं आणि ते तिला तहान लागेल तेव्हा लागतं. टाकी सावलीत घ्या, जमत नसेल तर तिच्यावर ओलं गोणपाट टाका, उघडी पाइप मातीत गाडा. दावणीतच पाणी राहील अशी सोय करा. दोन गाईंमधे एक अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम ठेवला तरी चालेल, फक्त त्यात आधी औषध किंवा रसायन भरलेलं नसावं. धार काढल्यावर गाय सगळ्यांत जास्त पाणी पिते, त्या वेळी हौद भरलेला आणि शेवाळ घासून काढलेला असावा. तुमच्या भागात टँकरची पाळी येते याची मला जाणीव आहे. तरीही पाण्यात काटकसर करायची तर ती गोठा धुण्यात करा, पिण्यात नको. दुधात ८७ टक्के पाणीच असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. तुम्ही वैरण साडेनऊला आणि मक्याची हिरवी कुट्टी दुपारी एकला टाकता. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी पोटातली उष्णता सर्वांत जास्त असते. म्हणजे साडेनऊची वैरण बरोबर दुपारी एक-दीडला तापते आणि एकची कुट्टी चार-पाचला. दिवस टळटळीत असताना आपणच आतून जाळ घालतोय. हेच खाणं, एक पैसा न वाढवता, पुढे-मागे करा. पहाटे धारेला खुराक आणि लगेच वैरण, सात-साडेसातच्या आत हिरवा चारा. नऊनंतर गव्हाणीत थोडं सरमाड किंवा कडब्याची कुट्टी तोंड चाळवायला राहू द्या, त्यापलीकडे काही नको. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा सुरू करा आणि शेवटची, सर्वांत मोठी वैरण रात्री दहाच्या सुमारास टाका. दिवसभराच्या खाण्यातला दोन-तृतीयांश भाग संध्याकाळ ते सकाळ या वेळात पोटात जायला हवा. सिन्नरच्या मोकळ्या माळावर मे महिन्यातही रात्री वारा सुटतो, गाय तेव्हा मन लावून खाते. गोठ्यात एक दिवा आणि हौदात पाणी मात्र रात्रभर हवं.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पशुसल्ल्यात ती सहसा कोणी लिहीत नाही. पहाटे चारला उठणाऱ्या बाईनं रात्री दहाला पुन्हा वैरण टाकायची, हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. ती दहाची वैरण दिरांनी किंवा मालकांनी टाकावी. दिवसा तुम्ही कुट्टी करून ठेवलीत तर काम वीस मिनिटांचं आहे. गीर गाईंचा सौदा करायला वेळ आहे, तर त्याआधी एक महिना ही वीस मिनिटं द्या, असं दिरांना माझ्या नावानं सांगा.

खुराक आता वाढीव दोन किलो धरून सात किलोवर गेलाय आणि दोन वेळांत मिळून जातोय. मक्याचा भरडा आधी काढा, पेंड तीन-चार दिवसांत पूर्वीच्या मापावर आणा. बारा लिटरच्या गाईला पाच किलोच्या आसपास खुराक पुरतो, तो तीन वेळांत द्या आणि एका वेळी दोन किलोच्या वर जाऊ नका. रोज ८० ते १०० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळांत विभागून खुराकात मिसळा, सोबत ३० ते ५० ग्रॅम मीठ. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, आणि ते बारमाही. घामावाटे गाईचं पोटॅशियम बरंच जातं. त्यासाठी वेगळी पुडी घ्यायच्या आधी खनिज मिश्रणाच्या पिशवीवर काय लिहिलंय ते तुमच्या पशुवैद्यकांना दाखवा. बायपास फॅट, म्हणजे मोठ्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी, नुकत्याच व्यालेल्या किंवा पंधरा लिटरच्या पुढच्या गाईला १०० ते १५० ग्रॅम द्यायला हरकत नाही. ते महाग आहे, पण पचताना उष्णता कमी तयार होते. त्याऐवजी कोणी गोडेतेल ओतायला सांगितलं तर ऐकू नका. उघडं तेल पोटातल्या वैरणीला चिकटतं आणि ती पचू देत नाही.

वैरण कमी करून खुराकावर भर द्यायचा मोह होतो, कारण कोरडी, राठ वैरण पचताना जास्त उष्णता देते. पण तंतू नाही तर रवंथ नाही. उत्तर आहे चांगली, मऊ वैरण. तुमच्याकडे बाजरीचं सरमाड भरपूर आहे. ते एकटं निकस असतं, पण त्याची कुट्टी करून लसूणघासात किंवा मुरघासात (हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) मिसळली तर गाय निवडून टाकत नाही. कुट्टीचं अगदी पीठ करू नका. मुरघासाची पिशवी एकदा उघडली की रोजच्या रोज वरून सपाट थर काढा आणि तोंड लगेच बंद करा. उन्हाळ्यात उघडा मुरघास काही तासांत तापतो. हाताला गरम लागला, बुरशी दिसली तर तो गाईला नको. बुरशीचं विष दुधातही उतरतं, तेव्हा वास आलेली पेंड आणि काळा पडलेला मकाही बाजूला काढा. अवकाळीत भिजलेला कडबा वाळवून वरून चांगला दिसतो, आतली पेंढी सोडून बघितल्याशिवाय टाकू नका.

तुम्ही चाळीतला खराब कांदाही घालता, असं ओझरतं लिहिलंय. ते आजच थांबवा. कांद्यातल्या द्रव्यांनी गाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी लालसर-काळपट झाली, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसल्या तर लगेच डॉक्टर बोलवा. उन्हानं आधीच थकलेल्या गाईला रक्त कमी होणं परवडत नाही. काजळी आलेला, सडका कांदा तर उकिरड्यावरच बरा. निफाड-दिंडोरीच्या वाचकांसाठी याच ओघात सांगतो: खरड छाटणीचा द्राक्षपाला फुकट मिळतो म्हणून गोठ्यात आणू नका, त्यावर हंगामभराच्या फवारण्या बसलेल्या असतात. आणि ताणावर असलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले पोंगे कोणत्याच जनावराला नकोत. त्यातल्या सायनाइडची विषबाधा होऊन, म्हणजे किराळ लागून, तासाभरात जनावर जातं.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ. ‘आटवलेल्या दोघी दिवसभर बांधावर बाभळीखाली असतात, त्यांना सरमाड पुरतं.’ जवळपास प्रत्येक गोठ्यात हेच चालतं. दूध देत नाही ती गाय उन्हात आणि उरलेल्या वैरणीवर. पण शेवटच्या दोन महिन्यांत कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी नव्यानं घडत असतात. त्या काळात गाय तापली तर पुढच्या वेतात तिचं दूध कमी येतं, वासरू हलकं जन्मतं, आणि कालवड असेल तर मोठेपणी तिचं दूधही कमी राहू शकतं. मे महिन्यातलं ऊन तुम्हाला पुढच्या वर्षी डेअरीच्या पावतीवर दिसतं, तेव्हा कोणाला बाभळ आठवत नाही. या दोघींना गोठ्यातली सर्वांत गार जागा द्या, पाणी समोर ठेवा, सरमाडासोबत थोडा घास आणि दीड-दोन किलो खुराक सुरू करा. सोडा मात्र यांना देऊ नका. व्यायला आलेल्या गाईला तो दिला तर व्याल्यावर कॅल्शियम उतरून ती बसण्याचा धोका वाढतो. उसाच्या वाढ्यांवरही यांना ठेवू नका, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं.

फॉगरचं कर्ज सध्या काढू नका, असं माझं मत आहे. तुमच्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, फॉगर काम करतील हे खरं. पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं नोझल लवकर बंद पडतात, आणि आठ फुटी पत्र्याखाली, वारा न खेळणाऱ्या गोठ्यात नुसतं धुकं केलं तर दमटपणा कोंडतो. आधी पत्र्यावर पाचट किंवा सरमाडाचा जाड थर द्या, नाहीतर चुन्याचा पांढरा हात मारा. पश्चिमेकडून शेडनेट लावा. मग एक-दोन मोठे पंखे. दुपारी बारा, दोन आणि चारला पाइपनं गाईची पाठ कातडीपर्यंत भिजवा आणि पंख्याचा वारा सोडा. पाणी ओघळून कासेवर जाऊ देऊ नका, स्तनदाह होईल. एवढ्यावर उन्हाळा निभावला तर कर्जाची गरज उरणार नाही.

गाय किती तापलीय ते ओळखायला यंत्र लागत नाही. दुपारी तीनला तिच्या कुशीकडे बघत अर्धा मिनिट श्वास मोजा आणि दुप्पट करा. साठच्या पुढे म्हणजे ती त्रासात आहे. ऐंशीच्या पुढे गेली तर त्याच क्षणी पाणी आणि वारा. तोंड उघडून जीभ बाहेर काढली, ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर गावठी काही करत न बसता डॉक्टरांना फोन. आणि नुसत्या तापमानावर जाऊ नका. २५ अंशांत निम्मी आर्द्रता असली तरी एचएफला ताण सुरू होतो, आणि अवकाळी पावसानंतरची ३४ अंशांची दमट दुपार कोरड्या ३८ पेक्षा वाईट असते. म्हणून जूनच्या तोंडाला आणि ऑक्टोबरमधेही हे वेळापत्रक पुन्हा लावा. हल्ली रात्रीही नीट गार पडत नाहीत, तेव्हा वर्षातून एक महिना सांभाळून भागत नाही.

राहिला दिरांचा मुद्दा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, अर्धं. गीर ऊन नक्कीच जास्त सोसते. डांगी मात्र इगतपुरी, त्र्यंबक आणि नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या मुसळधार पावसाची गाय आहे, तिच्या तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जातं, भातखाचराच्या चिखलात ती राबते. दूध तिचं थोडंच असतं. सिन्नरच्या माळावर डेअरीचा धंदा तिच्यावर उभा राहणार नाही. आणि मे महिन्यात एचएफ विकायला काढाल तर व्यापारी घटलेलं दूध दाखवूनच भाव पाडेल. गाई बदलायच्या तर गोठ्यातूनच बदला. पुढच्या रेतनाला ज्या गाईत एचएफ रक्त फार वाढलंय तिला जर्सी किंवा गीरचं रेतन करायचं का, हे पशुवैद्यकांशी बोलून ठरवा. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं एचएफ, जर्सी आणि गीर या तिघींच्या रक्ताची फुले त्रिवेणी तयार केली, ती याच विचारानं. एक गाय काढायचीच झाली, तर सारखी उलटणारी, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणारी, कोणती आणि वर्षभर तिचं दूध किती, हे कॅलेंडरवरून बघा आणि दिवाळीनंतर काढा. उन्हाळ्यात माज लपतो, गाई उलटतात, त्यामुळे मे-जूनच्या हिशेबावर कोणाला दोषी धरू नका.

पतसंस्थेकडे जायचंच असेल तर जूनमधे चाऱ्याच्या मक्यासाठी जा. पाच गाईंना रोज पंधरा किलो मुरघास धरला तर चार महिन्यांना नऊ टन लागतो, नासधूस धरून साडेदहा. आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्याचं पीक बरं आलं तर एका एकरात पंधरा टनांच्या पुढे हिरवा चारा निघतो. दाणा चिकात येऊन घट्ट व्हायला लागला की कापा, कुट्टी करून पिशव्यांत दाबून भरा आणि दीड महिना उघडू नका. पावसाच्या भरवशावरचं हे एकरभर पीक वेळेत भरून ठेवलंत तर पुढच्या एप्रिलमधे वैरण विकत घ्यायची वेळ येणार नाही. बियाण्याची चौकशी आत्ताच करून ठेवा, पेरणीच्या तोंडावर ते मिळत नाही.